बत्तिसावा तुकडा

एक वर्तुळ काढा. परिघावर दोन बिंदू घ्या आणि ते रेषेने जोडा. वर्तुळाचे दोन तुकडे झाले. तीन बिंदू घेऊन प्रत्येक बिंदू बाकी सगळ्यांशी जोडला की चार तुकडे. चार बिंदूंना आठ. पाच बिंदूंना सोळा. इथे मोजताना बोट ठेवावं लागतं, पण भरतात सोळाच. आणि एकच बिंदू असेल तर जोडायलाच काही नाही, सगळं वर्तुळ मिळून एक तुकडा. १, २, ४, ८, १६. सहा बिंदूंना किती, हे मोजून पाहायची गरजच वाटत नाही.

सहा बिंदूंना ३१ येतात.

पहिल्यांदा मोजणारा हमखास पुन्हा मोजतो. आपलंच काहीतरी सुटलं असणार म्हणून पेन्सिलीने एकेका तुकड्यावर खूण करत बत्तिसावा तुकडा शोधत बसतो. बिंदू सारख्या अंतरावर घेतले असतील तर आणखी पंचाईत, कारण मग ३०च भरतात. नियमित षटकोनाचे तीन मोठे कर्ण मधोमध एकाच ठिकाणी छेदतात आणि तिथे जो इवलासा त्रिकोण असायला हवा, तो मिटून जातो. म्हणून बिंदू मुद्दाम वेडेवाकडे घ्यायचे, तीन रेषा एका ठिकाणी भेटू द्यायच्या नाहीत. एवढी काळजी घेतली तरी ३१.

कारण असं आहे. नवी रेषा ओढली की तिच्यामुळे एक तुकडा वाढतो, आणि ती आधीच्या जितक्या रेषांना छेदते तितके आणखी वाढतात. म्हणजे एकूण तुकडे = १ + रेषा + छेदबिंदू. रेषेला दोन बिंदू लागतात. छेदबिंदूला चार लागतात, कारण परिघावरचे कोणतेही चार बिंदू घेतले की एक चौकोन होतो आणि त्याचे दोन कर्ण एकदाच छेदतात. पाच बिंदूंतून रेषा १०, छेदबिंदू ५, एकूण १६. सहा बिंदूंतून रेषा १५, छेदबिंदूही १५, एकूण ३१.

मग सुरुवातीला दुप्पट-दुप्पट का होत होतं? पास्कलचा त्रिकोण (छंदःशास्त्रातला मेरुप्रस्तार तोच; ओळीच्या दोन्ही टोकांना १, मधली प्रत्येक संख्या वरच्या दोन शेजारच्या संख्यांची बेरीज) समोर ठेवला की दिसतं. बिंदूंच्या संख्येतून एक वजा करून त्या क्रमांकाची ओळ घ्यायची, सगळ्यात वरची ओळ शून्य क्रमांकाची धरायची, आणि त्या ओळीतल्या पहिल्या पाच संख्यांची बेरीज करायची. तेच तुकड्यांचं उत्तर. पाच बिंदूंसाठी ओळ आहे १, ४, ६, ४, १. ओळीत संख्याच पाच, म्हणून बेरीज पूर्ण ओळीची, आणि पूर्ण ओळीची बेरीज नेहमी दोनाचा घात असते. सहा बिंदूंसाठी ओळ १, ५, १०, १०, ५, १. आता संख्या सहा झाल्या, पण बेरीज पाचांचीच. शेवटचा १ बाहेर राहिला. बत्तिसावा तुकडा म्हणजे हा १.

दुप्पट होणं हा इथला नियम कधी नव्हताच. ओळी आखूड होत्या, म्हणून तसं दिसत होतं. नुसत्या आकड्यांवरून बांधलेला नियम ‘आतापर्यंत जुळलं’ एवढंच सांगू शकतो. तुकडे कसे तयार होतात हे कळलं, की तो नियम पाचपर्यंत का जुळला आणि नेमका सहाला का मोडला, दोन्ही एकदमच कळतं. माझ्या लेखी समजण्याची खूण म्हणजे या दोहोंतली दुसरी: नियम कुठे आणि का मोडतो ते कळणं.

यावर सहज सुचणारा उपाय म्हणजे आणखी उदाहरणं तपासणं. पाचावर कसला नियम बांधता, पन्नास पाहा. ठीक. ऑयलरची एक प्रसिद्ध राशी आहे: क्ष² + क्ष + ४१. क्षच्या जागी ०, १, २, ३ असं घालत जा. ४१, ४३, ४७, ५३, सगळ्या मूळ संख्या. क्ष ३९ होईपर्यंत ओळीने चाळीस वेळा मूळ संख्याच येते. क्ष = ४० ला १६८१, म्हणजे ४१ गुणिले ४१. आणि हे मोडणार हे आधीच सांगता आलं असतं: क्ष = ४१ घातलं तर तिन्ही पदांना ४१ ने भाग जातो, मग उत्तर मूळ कसं असेल? तिथे पोचेपर्यंत आकडेमोड करायची गरजच नाही.

चाळीसही थोडेच म्हणाल, तर गणितज्ञ पोल्याचं १९१९ चं अनुमान घ्या. प्रत्येक संख्येचे मूळ अवयव पाडायचे, तोच अवयव पुन्हा आला तर पुन्हा मोजायचा, आणि एकूण अवयव सम आहेत की विषम ते पाहायचं. २ पासून पुढे कुठेही थांबलात तरी तिथपर्यंत ‘विषम’वाल्या संख्या ‘सम’वाल्यांपेक्षा कमी पडणार नाहीत, असं ते अनुमान. १९५८ मध्ये हॅझलग्रोव्ह या गणितज्ञाने ते खोटं असल्याचं सिद्ध केलं. सगळ्यात पहिला अपवाद कुठे येतो हे १९८० मध्ये सापडलं: ९०,६१,५०,२५७. नव्वद कोटींहून जास्त ठिकाणी बरोबर आणि मग चूक. प्रयोगशाळेतल्या कुठल्याही नियमाला एवढा पुरावा मिळाला तर त्याला लगेच कुणाचं तरी नाव देऊन टाकतील.

म्हणजे प्रश्न उदाहरणं किती पाहिली हा नाही. ती कुठून आणली, हा आहे.

मानसशास्त्रज्ञ पीटर वेसनने १९६० मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग यासाठीच पुन्हापुन्हा आठवावा लागतो. समोरच्याला सांगायचं, २-४-६ हे त्रिकूट माझ्या मनातल्या नियमात बसतं. तुम्ही तुमची त्रिकुटं सुचवा, मी हो किंवा नाही म्हणेन. खात्री झाली की नियम सांगा. माणूस मनात धरतो ‘दोनदोनने वाढणारे’ आणि विचारतो ८-१०-१२. हो. २०-२२-२४. हो. १-३-५. हो. खात्रीच झाली. मनातला नियम होता ‘चढत्या क्रमाचे कोणतेही तीन आकडे’. २९ जणांपैकी पहिल्याच फटक्यात नियम बरोबर सांगणारे सहा निघाले. १-२-१० विचारलं असतं तर एका ‘हो’मध्ये भ्रम फिटला असता, पण आपल्या अंदाजाप्रमाणे जिथे ‘नाही’ यायला हवं तिथे विचारावंसं वाटत नाही.

याचा अर्थ लोक ढ आहेत असा काढतात, तो मात्र मला पटत नाही. आपल्या अंदाजात बसणारी उदाहरणं तपासणं ही एरवी वाईट चाल नाही. खरा नियम आपल्या अंदाजापेक्षा अरुंद असेल, तर अशाच तपासणीत लवकर ‘नाही’ मिळतं. वेसनच्या कोड्यात खरा नियम अंदाजाहून खूप रुंद ठेवला होता, म्हणून तिथे ती चाल कधीच ‘नाही’पर्यंत पोचत नाही. अडचण अशी, की आपण अरुंद बाजूला आहोत की रुंद, हे आतून कळत नाही.

मशीन लर्निंगमध्ये, म्हणजे उदाहरणांवरून नियम शोधायचं काम यंत्राला देतात तिथे, हीच गोष्ट मोजून दाखवता येते. एका लॅपटॉपवर, काही मिनिटांत.

५० ओळींचा तक्ता घ्या. प्रत्येक ओळीला ० किंवा १ असं लेबल द्या, २५ ना शून्य, २५ ना एक, अगदी नाणं उडवल्यासारखं कशाहीवर. मग ५,००० स्तंभ निव्वळ रँडम आकड्यांनी भरा. या तक्त्यात शिकण्यासारखं काही नाही. स्तंभ पाहून लेबल सांगणाऱ्या कुठल्याही प्रामाणिक नियमाची, म्हणजे मॉडेलची, चूक ५० टक्क्यांच्या आसपासच राहायला हवी. आता नेहमीच्या पद्धतीने जा. ५,००० स्तंभ फार झाले म्हणून लेबलशी सगळ्यात जास्त सहसंबंध असलेले, म्हणजे लेबलाबरोबर सगळ्यात जास्त बदलणारे, १०० निवडा. त्या १०० वर एखादं साधं मॉडेल चढवा, सगळ्यात जवळची ओळ बघून तिचं लेबल सांगणारंसुद्धा चालेल. मग शिस्तीत क्रॉस-व्हॅलिडेशन करा: पाच गट, दर वेळी १० ओळी बाजूला, ४० वर ट्रेनिंग, १० वर तपासणी. चूक येते तीन टक्क्यांच्या आसपास. निव्वळ गोंगाटातून ९७ टक्के अचूकता.

बिघडलं कुठे? पन्नास ओळी असताना निव्वळ योगायोगाने येणारा सहसंबंध शून्याभोवती साधारण ०.१४ इतका पसरलेला असतो. पाच हजारांतून वरचे शंभर, म्हणजे टोकाचे दोन टक्के उचलले, की सगळे ०.३३ च्या पुढचे मिळतात. आणि ही निवड करताना पन्नासही ओळींनी मत दिलेलं असतं, नंतर ‘बाजूला’ काढलेल्या दहांनीसुद्धा. त्यांना बाजूला काढलं तेव्हा त्यांचं मत आधीच पेटीत पडलेलं होतं. त्या दहा ओळींवर निवडलेल्या स्तंभांचा सहसंबंध शून्य असायला हवा. पाहिलं तर सरासरी पाव एककाहून जास्त निघतो. स्तंभांची निवड प्रत्येक गटाच्या आत, त्या-त्या ४० ओळींवरच केली, की चूक मुकाट्याने ५० टक्क्यांवर परत येते.

हे कळल्यावर सगळे मान डोलावतात आणि तीच गळती, म्हणजे तपासणीच्या ओळींची माहिती शिकवणीत झिरपणं, दुसऱ्या वेशात घरात घेतात. एका लेबलाच्या ओळी कमी म्हणून त्यांच्या प्रती वाढवल्या आणि मग ट्रेनिंग-टेस्ट अशी फाळणी केली; त्याच ओळीची एक प्रत इकडे, एक तिकडे. एका रुग्णाच्या चार चाचण्या. तीन शिकायला, चौथी परीक्षेला, आणि मॉडेल आजार ओळखण्याऐवजी माणूस ओळखतं. रोजचे आकडे रँडम पद्धतीने फेटले. म्हणजे मंगळवारचं भाकीत करताना बुधवार माहीत. रिकाम्या जागा सगळ्या तक्त्याच्या सरासरीने भरल्या, हे त्यातल्या त्यात सौम्य.

गळती पकडायचा एक जुना उपाय आहे: लेबलं फेटायची आणि सगळं पुन्हा चालवायचं. फेटलेल्या लेबलांवरही मॉडेल हुशार दिसलं, तर हुशारी दुसरीकडून येते आहे. पण यात एक खाच आहे, आणि अनुभवी माणसंही तिथे अडखळतात. फेटायचं ते अगदी सुरुवातीला, स्तंभ निवडण्याच्या आधी. आधी १०० स्तंभ निवडले आणि मग लेबलं फेटली, तर निवड जुन्या लेबलांप्रमाणे झालेली असते, नव्यांशी तिचा संबंध नसतो, आणि निकाल छान ५० टक्के येतो. गळती तशीच, वर तपासणीचं प्रमाणपत्र.

मात्र फाळणी चोख केली म्हणजे काम झालं असंही नाही, आणि हे सगळ्यात सुरेख दाखवणारी गोष्ट कॉम्प्युटरच्या फार आधीची आहे. योहानेस केप्लर मंगळाची कक्षा ठरवायला बसला तेव्हा त्याच्याकडे मंगळाच्या बारा प्रतियुतींची निरीक्षणं होती, म्हणजे सूर्य आणि मंगळ आकाशात बरोबर समोरासमोर असतानाची. बहुतेक खगोलशास्त्रज्ञ ट्युको ब्राहीची. त्याने त्यांतल्या चार घेतल्या आणि वर्तुळाकार कक्षा त्यांत बसवली. थेट सूत्र नव्हतं, अंदाज धरायचा, गणित करायचं, चूक पाहून अंदाज सुधारायचा. असे किमान सत्तर फेरे, सगळे हाताने. मग उरलेल्या आठ प्रतियुतींवर कक्षा तपासली. फरक सुमारे २ कलांच्या आत. कला म्हणजे अंशाचा साठावा भाग, आणि ब्राहीची निरीक्षणंच साधारण तेवढी अचूक होती.

आजच्या भाषेत, चार ओळींवर ट्रेनिंग, न पाहिलेल्या आठ ओळींवर टेस्ट, आणि टेस्टमधली चूक उपकरणाच्या मर्यादेएवढी. बहुतेक जण इथे अहवाल लिहायला घेतील. केप्लरने तीच कक्षा वेगळ्या जातीच्या निरीक्षणांवर घासून पाहिली. बाराही निरीक्षणं मंगळ कोणत्या दिशेला आहे एवढंच सांगत होती; त्याने शर, म्हणजे क्रांतिवृत्ताच्या (आकाशातल्या सूर्याच्या वार्षिक मार्गाच्या) वर-खाली असण्याचा कोन घेतला, आणि त्यातून मंगळ किती दूर आहे ते काढलं. अंतरं चुकत होती. अंतरं जुळवायला कक्षेचं केंद्र सरकवलं, की दिशा काही ठिकाणी ८ कलांनी चुकायला लागल्या. आठ कला म्हणजे पूर्णचंद्राच्या रुंदीचा जेमतेम पाव भाग. एवढ्यासाठी त्याने वर्तुळ टाकून दिलं, आणि १६०९ मध्ये लंबवर्तुळ प्रसिद्ध झालं.

टेस्टच्या आठ ओळी ‘न पाहिलेल्या’ होत्या खऱ्या, पण त्या ट्रेनिंगच्या चारांच्या सख्ख्या बहिणी होत्या. आजही बहुतेक टेस्ट डेटा असाच असतो: एकाच पिशवीतून काढलेली मूठ, दोन भागांत वाटलेली. छातीच्या एक्स-रेवरून न्यूमोनिया ओळखणाऱ्या मॉडेलचा २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास याचंच उदाहरण. वेगवेगळ्या रुग्णालयांतल्या प्रतिमा एकत्र करून शिकवलं होतं, आणि रुग्णालयांगणिक न्यूमोनियाचं प्रमाण फार वेगळं होतं. मॉडेलला प्रतिमा कुठल्या रुग्णालयातली हे जवळजवळ अचूक ओळखता येत होतं. डावी-उजवी बाजू दाखवायला तंत्रज्ञ कोपऱ्यात ठेवतात ती धातूची खूणसुद्धा त्याला पुरे. रुग्णालय कळलं की अर्धं उत्तर कळलं, फुप्फुस पाहायचं कशाला? त्याच मिश्रणातल्या टेस्टवर हे झळकणारच. बाहेरच्या रुग्णालयात नेल्यावर उतरलं.

यावरून ‘यंत्रं नुसती पाठ करतात’ असं म्हणून मोकळं होणारेही पुष्कळ. पाठ करण्याची ताकद तर अफाट आहेच. १० प्रकारच्या ५०,००० लहान चित्रांची लेबलं पूर्ण रँडम करून दिली तरी न्यूरल नेटवर्क ती शंभर टक्के पाठ करतं, हे २०१७ मध्ये दाखवलं गेलं. नव्या चित्रांवर अर्थातच १० टक्के, म्हणजे आंधळा नेम. पण पुढचा भाग ऐकायला हवा. घड्याळाची बेरीज घ्या, मात्र १२ ऐवजी ११३ तासांच्या घड्याळावरची: दोन आकडे मिळवायचे आणि ११३ ने भागून बाकी सांगायची. एकूण १२,७६९ बेरजा. त्यांतल्या साधारण ३० टक्के छोट्या नेटवर्कला शिकवल्या. थोड्याच वेळात शिकवलेल्या सगळ्या बरोबर, न शिकवलेल्या जवळजवळ सगळ्या चूक. म्हणजे पाठ. ट्रेनिंग तसंच चालू ठेवलं, वजनं (नेटवर्कच्या आतले, शिकताना बदलणारे आकडे) फार वाढू नयेत यासाठीचा दट्ट्या कायम ठेवून, तर हजारो फेऱ्यांनंतर न शिकवलेल्या बेरजाही बरोबर यायला लागतात.

ते कसं होतं हे २०२३ च्या सुमारास उलगडलं. नेटवर्क प्रत्येक आकड्याला वर्तुळावरच्या कोनात बदलतं, ज्या-कोज्यांच्या (साइन-कोसाइनच्या) बेरजेच्या सूत्रांनी दोन कोन मिळवतं, आणि असं मोजक्याच वेगवेगळ्या वेगांच्या वर्तुळांवर करून उत्तर पक्कं करतं. घड्याळाच्या बेरजेला वर्तुळ वापरायचं हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. आणि हे खरंच तसं चालतं की पाहणाऱ्यांना तसं दिसलं, याची तपासणी कशी केली? ती मोजकी वर्तुळं नेटवर्कमधून काढून टाकली: उत्तरं कोसळली. उलट ती ठेवून बाकीची काढली: उत्तरं सुधारली. हे वेसनच्या खोलीतलं १-२-१०.

अशी कापाकापी का लागते? कारण विचारून कळत नाही. एका मोठ्या भाषा-मॉडेलच्या आत डोकावून २०२५ मध्ये पाहिलं, तर ३६ अधिक ५९ करताना एक वाट उत्तर साधारण नव्वदीत आहे एवढा अदमास घेत होती, दुसरी फक्त शेवटचा अंक काटेकोर काढत होती, आणि दोन्ही मिळून ९५. पण ‘कसं केलंस’ विचारल्यावर त्याने शाळेतली हातच्याची रीत सांगितली. खोटं बोललं म्हणायचं तर माणसाचं काय करायचं? निस्बेट आणि विल्सन या मानसशास्त्रज्ञांच्या १९७७ च्या लेखात चार पायमोज्यांचा प्रयोग आहे. चारही अगदी एकसारखे, लोकांनी त्यांतला सगळ्यात चांगला निवडायचा. सगळ्यात उजवीकडचा ४० टक्क्यांनी निवडला, सगळ्यात डावीकडचा १२ टक्क्यांनी. कारण विचारलं तर जागेचं नाव कुणी काढलं नाही, उलट ‘जागेमुळे तर नाही?’ असं विचारलं तेव्हा विचारणाऱ्याकडेच लोक चमकून पाहायला लागले. हातच्याची रीत आणि पायमोज्यांची प्रत, दोन्ही स्पष्टीकरणं ऐकायला चोख आहेत. पण त्यांच्यावरून पुढचं उत्तर कुठे चुकेल ते सांगता येत नाही. जागा बदलली तर निवड बदलेल, हे मात्र दुसऱ्याच स्पष्टीकरणातून सांगता येतं.

पुन्हा वर्तुळाकडे. समजा, कुणीतरी दुप्पटीचा नियम तपासायला निघालं, आणि पाचाच्या शेजारचा सहा न घेता जरा लांबचा, दहा घेतला. चांगली सवय आहे. रेषा ४५, छेदबिंदू २१०, आणि एक, एकूण २५६. दोनाचा आठवा घात! नियम टिकला असं वाटून कागद घडी करून ठेवावासा वाटेल. दुप्पटीच्या नियमाने यायला हवे होते ५१२. दहा बिंदूंसाठी त्रिकोणातली ओळ १, ९, ३६, ८४, १२६ अशी चढते आणि त्याच पायऱ्यांनी उतरते, एकूण दहा संख्या. पहिल्या पाच म्हणजे नेमका अर्धा भाग, म्हणून ५१२ च्या निम्मे. ‘दोनाचा घात येतो का’ असं विचारणाऱ्याला इथे ‘हो’ मिळतं. ‘५१२ येतात का’ असं विचारणाऱ्याला ‘नाही’.